व्यंजनांची बोटं

आमच्या सांडशीचा खिळा ढिला झाला होता आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती किंचित तिरकी धरली की भांडं नीट पकडायची, म्हणून नवीन आणायचं कुणाच्या मनात आलं नाही. जेठातली, भर उन्हाळ्यातली दुपार होती. आमटी उकळली होती. मी पातेलं शेगडीवरून उचललं आणि निम्म्या वाटेवर सांडशी एका बाजूनं सुटली. पातेलं कलंडलं. सोडून दिलं असतं तर आमटी ओट्यावर सांडली असती, फार तर पायावर थोडी उडाली असती. पण तेवढा विचार करायला वेळ कुठे होता? उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं यांनी मी पातेल्याचा काठच धरला, आणि ते ओट्यावर टेकेपर्यंत सोडला नाही.

आमटी वाचली. बोटं मात्र गेली.

आधी काही वाटलंच नाही. मग बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी धावत जाऊन नळ सोडला. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. झाशीत त्या दिवसांत दुपारचं नळाचं पाणी चहाच्या आधणासारखं येतं. भाजलेल्या बोटांवर ते पडलं तशी मी ओरडले.

माझ्या ओरडण्यानं सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, हात पाहिला, तिरकं बसलेलं पातेलं पाहिलं. माझं मनगट धरलं, कोपऱ्यात तिवईवर ठेवलेल्या माठाचं झाकण काढलं आणि माझा हात मनगटापर्यंत माठात घातला.

हे काय होतं ते आमच्या घरात राहिलेल्या माणसालाच कळेल. तो माठ सासूबाईंचा. त्यात ओगराळं घालायचं तेही धुऊन, पुसून. आंघोळ न केलेल्या माणसानं त्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी एकदा खरकट्या हातानं झाकण उचललं होतं, तर त्यांनी सगळा माठ मोरीत ओतला होता आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आज त्याच माठात माझा आमटी लागलेला हात होता आणि त्या तो बाहेर काढू देत नव्हत्या.

"आई, पाणी खराब झालं सगळं."

"होऊ दे. हात हलवू नकोस. अजून आत घाल."

गार पाणी बोटांना लागलं तशी कळ जरा मागे सरली. हात बाहेर काढला की पुन्हा धावून यायची. मी किती वेळ तशी माठाला बिलगून उभी होते कोण जाणे. पाय भरून आले तेव्हा त्यांनी मागून स्टूल सरकवलं.

तोवर शेजारच्या भाभी आल्या. त्यांचा आणि आमचा जिना एकच, त्यामुळे एका घरातली हाक दुसऱ्या घरात पोचतेच. भाभी इथल्याच, बुंदेली बोलणाऱ्या, मायेच्या आणि घाईच्या. हातात टूथपेस्टची नळी घेऊनच आल्या होत्या.

"हाय राम, जो का कर लओ! लाओ, पेस्ट लगा दें, ठंडक पर जैहै."

"अभी नहीं," सासूबाई म्हणाल्या. "पहले आग निकलने दो."

"अरे अम्मा, सब लगाउत हैं."

"लगाते होंगे." सासूबाईंनी हात आडवा धरला. भाभी नळी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला आणि माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

गूळ चघळता चघळता मला परीक्षा आठवली आणि पहिल्यांदा रडू आलं.

परीक्षा टायपिंगची होती, सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागेसाठी. लग्नाआधी मी शिकवण्या घेत असे. मग मुलगी झाली, सासरे बरेच दिवस आजारी होते, आणि बाहेर पडायचं राहून गेलं. नवरा बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. घर चालत होतं. तरी मला नोकरी हवी होती, का हवी होती ते मी कुणाला धड सांगू शकत नसे. वयाच्या अटीत मी अगदी काठावर बसत होते. अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, पास झाले. आता उरलं होतं ते हिंदी टायपिंग. त्याला जेमतेम दोन आठवडे होते. हे चुकलं तर पुढच्या भरतीला वय संपलेलं.

आणि भाजली होती ती नेमकी व्यंजनांची बोटं. हिंदी कळफलकावर मात्रा डाव्या हाताला असतात आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. र, प, ह, ल, स हे उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. क आणि ग मधल्या बोटाखाली. ही दोन बोटं बाजूला काढली की माझ्याकडे जवळजवळ नुसत्या मात्राच उरत होत्या.

संध्याकाळी नवरा आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी बोटं दिव्याखाली धरून पाहिली. तिन्ही बोटांच्या टोकांना फोड टरारून आले होते.

"फ़ौरन क्या लगाया था?"

"पानी. घड़े का."

"अच्छा किया. बर्फ़ नहीं, पेस्ट नहीं?"

"सास ने लगाने नहीं दिया."

"सास से कहिएगा, मैंने शाबाशी दी है. इन्हें फोड़ना मत. और हाथ को आराम."

मी टायपिंगचं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "सवाल ही नहीं," म्हणाले आणि मलमाचं नाव लिहायला लागले.

घरी येऊन मी सासूबाईंना शाबाशीचा निरोप दिला. त्या माठ घासत होत्या. "त्यांना काय माहीत," म्हणाल्या, पण खूश झालेल्या दिसल्या. मला नोकरी लागावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. या वयात नवीन खटाटोप कशाला, हे त्यांनी मला आणि मुलाला वेगवेगळं आणि एकत्रही सांगून झालं होतं. म्हणून त्या रात्री जेवताना मी, "जाऊ दे, नाही देत परीक्षा," म्हटलं तेव्हा मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी घास खाली ठेवला.

"का?"

"बोटं बघा ना, आई."

"बघितली. तीन भाजली. बाकीची कुठे गेली?"

"अशी नाही चालत ती. प्रत्येक बोटाला ठरलेलं काम असतं."

"मग बदल काम." त्या पुन्हा जेवायला लागल्या. "नोकरी लागावी असं माझं म्हणणं नाही. पण इतके महिने सदर बाजारातल्या त्या टायपिंगच्या क्लासला खेपा घातल्यास. जाऊन ये. नाही लागली तर नाही लागली. अर्धवट टाकायचं नाही."

मी डाव्या हातात चमचा धरून आमटीभात खात होते. सकाळी उठले ती परीक्षेला जायचं ठरवूनच.

क्लास सदर बाजारात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. सरांचा आवाज नेहमी घोगरा, आणि वाकून बसलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर फूटपट्टीचं टोक टेकवायची त्यांना सवय. माझी पट्टी बांधलेली बोटं पाहून त्यांनी खुर्ची ओढून दिली.

"इस बार रहने दीजिए, मैडम."

"सर, अगली बार उमर नहीं बचेगी."

माझा उजवा हात त्यांनी कळफलकावर आडवा धरला आणि न भाजलेली दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, दाखवली. "इन दोनों से निकल जाएगा? मैंने ऐसा किसी को सिखाया नहीं है."

"मैं सीख लूँगी."

तेव्हा म्हणायला सोपं गेलं. नवऱ्यानं कारखान्याच्या ऑफिसातून टाकून दिलेला एक कळफलक आणला. तो कशालाच जोडलेला नव्हता, पण बोटं फिरवायला पुरे होता. दुपारी कूलरसमोर तो पाटावर ठेवून मी बसायची. वर्तमानपत्र समोर उभं करायची आणि ओळ लिहायला घ्यायची. अनामिकेचं ठरलेलं अक्षर त. तिला र वर न्यायचं, मग क वर, मग उलट ल वर. करंगळीनं अनामिकेची जागा सांभाळायची. पहिले दोन दिवस बोटं एकमेकांत अडकत राहिली. मनगटाच्या बाहेरची शीर ताठ व्हायची. आणि डोक्यात जुनं बोट चालूच असायचं. र आला की भाजलेलं बोट आपणहून खाली यायचं, कळीवर टेकायचं, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

अशाच एका दुपारी पहिल्या बोटाचा फोड फुटला. पट्टी ओली झाली. मी ती उघडून पाहिली आणि तशीच बसून राहिले. माझी मुलगी शाळेच्या सुट्टीत घरी होती. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. ती म्हणाली, "मम्मा, आज छोड़ दो न."

"पट्टी आण."

"बहुत लाल है."

"पट्टी आण आणि नीट बांधून दे. मग माझी वेणी घाल."

केस विंचरणं, ब्लाउजचे हूक, भाताचा घास, दाराची कडी, सगळ्याला दुसऱ्याचा हात लागत होता. हाताला मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. साबणाचं तेच. लिंबाचं तर नाव नको. सगळ्यांत वाईट म्हणजे उन्हात बाहेर पडणं. शेअर ऑटोचा दांडा तापलेला असायचा, आणि डाव्या हातात पर्स असल्यामुळे मी विसरून उजवा हात पुढे करायची.

स्वयंपाक सासूबाईंनी घेतला. त्यांनी तो सोडून बरीच वर्षं झाली होती. सुरीनं चिरलेली भाजी त्यांना कधी आवडली नाही, म्हणून माळ्यावरची विळी काढली. तिला धार लावून आणली आणि दुसऱ्याच दिवशी दुधी चिरताना त्यांचा अंगठा पात्यावर गेला. खोल नव्हतं, पण रक्त थांबेना. मी डाव्या हातानं फडकं दाबून धरलं. त्यांनी हात डोक्याच्या वर धरला होता. दोघी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलो होतो, चिरलेला आणि न चिरलेला दुधी पुढ्यात. मला हसू आलं. त्याही हसायला लागल्या, इतक्या की फडकं सुटलं.

"आता पोळ्या कोण करणार?" मी विचारलं.

"आहे की एक धडधाकट."

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा कणीक मळली. आम्ही दोघी दोन बाजूंना बसून सूचना करत होतो आणि तो मळत होता. पहिली पोळी कडेला जाड, मधे फाटलेली. तवा तापला होता. ती उलटताना त्याचं बोट तव्याला लागलं. तो "आई गं!" म्हणून नाचला आणि सासूबाईंनी न हलता जागेवरून सांगितलं, "माठात नको हं. आता बादलीत काढून ठेवलंय." खरंच, माझा हात भाजला त्या दिवसापासून कोपऱ्यात एक झाकलेली बादली असायची, माठातल्या पाण्यानं भरलेली. त्यानं हात बादलीत घातला, बाहेर काढला आणि पुढची पोळी लाटायला घेतली. शेवटच्या पोळ्या चांगल्या जमल्या होत्या.

मी क्लासला जातच राहिले. सर वेळ लावायचे आणि शेवटी नुसती मान हलवायचे. वेग येत होता, पण चुका फार होत होत्या. शेवटच्या दिवशी मान हलवण्याआधी ते थांबले. "किनारे पर हैं आप. इधर भी गिर सकती हैं, उधर भी."

केंद्र कानपूरला होतं. पहाटेच्या बसनं नवरा बरोबर आला. वाटेतलं चिरगाँव येईपर्यंत उजाडलं. मी पूर्ण रस्ता मांडीवर बोटं चालवत होते. पट्टी काढली होती. तिन्ही बोटांना नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी गुळगुळीत.

त्या गुळगुळीतपणानं घात केला. फाटकाशी एक मुलगा यंत्रावर अंगठ्याचे ठसे घेत होता. लेखीच्या वेळी दिलेला ठसा जुळला की आत. मी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. त्यानं काच पुसली, मला अंगठा पुसायला लावला, तरी लाल.

"मैडम, मैच नहीं हो रहा. साइड में हो जाइए."

"हाथ जल गया था, भैया. चमड़ी नई है."

"वो तो मशीन नहीं जानती न. साइड में."

मी बाजूला झाले. रांग पुढे सरकत राहिली. मुलंमुली अंगठा टेकवत होती आणि आत जात होती. नवरा फाटकाबाहेर दोरीपलीकडे. त्यानं लांबून हातानं विचारलं, काय झालं? मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. लेखीची तयारी केली होती, टायपिंगची केली होती, या अंगठ्याची मात्र काहीच केली नव्हती. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

रांग संपत आली तशी मी पुन्हा त्या मुलासमोर जाऊन उभी राहिले.

"अपने बड़े को बुलाइए."

"मैडम, टाइम हो गया है."

"इसीलिए तो कह रही हूँ. बुलाइए. मैं यहाँ से हटूँगी नहीं."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी शिकवण्या घेताना कधी असा लावला असेल. पुढे गेलेल्या दोघी-चौघी वळून बघायला लागल्या. तो उठून गेला आणि एका बाईंना घेऊन आला. केंद्राची जबाबदारी त्यांच्याकडे असावी. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, चेहरा पाहिला, मग माझा हात हातात घेऊन बोटं उलटी केली आणि अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिली. मी श्वास आत ओढला.

"कुकर?" त्यांनी विचारलं.

"दाल का पतीला."

"इनका आँख वाला करा दो," त्या मुलाला म्हणाल्या. "दूसरे कमरे में मशीन है. और जल्दी."

लेखीच्या वेळी डोळ्यांचीही नोंद घेतली होती. डोळ्याच्या यंत्रानं मला पहिल्याच वेळी ओळखलं. आत शिरले तेव्हा बाकीचे बसून झाले होते.

उतारा शेतीच्या पाण्याबद्दल होता एवढंच आठवतं. पहिली काही वाक्यं मी ठरवल्याप्रमाणे अनामिकेनं आणि करंगळीनं काढली. मग वाटेत कुठेतरी अनामिका आखडली. ती वर उचलेना. पडद्यावरची ओळ थांबली, शेजारच्या कळफलकांची टकटक कानावर आली. मी मधलं बोट क वर टेकवलं. दुखलं. पण फुटायला आता काही नव्हतं. म्हणून पुन्हा टेकवलं. मग पहिलंही खाली आणलं. कधी हे बोट, कधी ते, जे हाताशी येईल ते मी वापरत गेले. घंटा झाली तेव्हा उतारा संपला नव्हता, पण फार थोडा उरला होता.

बाहेर नवऱ्यानं उसाचा रस घेतला. मी गार पेला उजव्या हातात धरून ठेवला आणि बराच वेळ प्यायले नाही.

निकाल लागायला बरेच महिने गेले. मधे दिवाळी होऊन गेली. एका सकाळी माझी मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. यादीत माझा क्रमांक होता, शेवटाकडे, पण होता. भाभींनी पेढे आणले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "मग आता डबा लागेल तुला." त्यांना अजूनही माझी नोकरी पटलेली नाही. डबा मात्र त्याच भरतात.

नेमणूक झाशीतच मिळाली. बोटं वरून बरी झाली. ठसेही हळूहळू उमटले. आतून मात्र ती पूर्वीसारखी नाहीत. उन्हाळ्यात त्यांना चटका लवकर लागतो, थंडीत टोकं बधिर होतात. आणि त्या उन्हाळ्यातली सवय गेलेली नाही. क आला की माझी अनामिका मधल्या बोटाच्या आधी धावते. शेजारच्या टेबलावरचे बाबूजी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आप टाइप करती हैं कि सितार बजाती हैं?"

आता खात्यातली वरच्या जागेची परीक्षा आहे. त्यात वेग जास्त लागतो, आणि असा गोंधळलेला हात तिथे चालणार नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळे चहाला गेले की मी पुन्हा पहिल्या धड्यापासून बसते. र वर पहिलं बोट, क वर मधलं, त वर अनामिका. अनामिका चुकीच्या जागी गेली की ओळ पुसते आणि पुन्हा सुरुवात करते.